माळ्यावरची बाटली भंगारात घालण्याआधी

हरसूल, ठाणापाडा आणि आजूबाजूच्या पाड्यांवर बऱ्याच घरांत एखादी जुनी काचेची बाटली असते. कुठे तिच्यात खुरासणीचं तेल, कुठे मध, कुठे पुढच्या पावसाळ्यासाठी राखलेलं बी. वीज यायच्या आधी अशाच बाटलीत रॉकेल भरून, बुचातून वात काढून चिमणी केली जायची. त्यातल्या काही बाटल्या जाड, गडद हिरव्या किंवा तपकिरी काचेच्या असतात आणि त्यांच्या अंगावर इंग्रजी अक्षरं उठून आलेली असतात. त्या विलायती दारूच्या बाटल्या. देवळालीच्या छावणीतून, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतून, जंगल खात्याच्या बंगल्यांवरून, कधी मुंबईहून, रिकाम्या झाल्यावर हातोहात फिरत त्या वाड्यावस्त्यांवर आल्या.

आज या बाटल्यांना शहरात गिऱ्हाईक आहे. हॉटेल सजवणाऱ्याला त्या हव्या असतात, संग्रह करणाऱ्याला हव्या असतात आणि बनावट दारूचा धंदा करणाऱ्यालाही हव्या असतात. भंगारवाला त्या किलोवर नेतो. कधी कुणी मोटारसायकलवरून येतो, ‘जुनं काही आहे का घरात’ म्हणून विचारतो आणि चार पैसे हातावर टेकवून निघून जातो. हरसूलच्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : ती बाटली द्यायची घाई करू नका. ठेवायची तर रिकामी ठेवा आणि तिच्याबरोबर तिची हकीकत ठेवा. फेकायचीच असेल तर ती पुन्हा कुणाला भरता येणार नाही अशी करून फेका. यामागची कारणं नीट सांगतो.

हरसूल हे जुन्या पेठ संस्थानातलं गाव. डिसेंबर १८५७ मध्ये इथला बाजार लुटला गेला, कोळ्यांचा उठाव झाला आणि त्यानंतर संस्थानाच्या राजघराण्यातल्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिली. पेठच्या बेगमेच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये संस्थान खालसा झालं. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. उठाव आपल्या लोकांना ठाऊक आहे, त्याच्याबद्दल बोललं जातं. अबकारी कायद्याबद्दल कुणी बोलत नाही, पण रोजच्या जगण्यावर त्याने फार खोल घाव घातला.

त्याआधी मोहाची दारू घरची होती. चैत्राच्या सुमाराला पहाटे झाडाखाली पडलेली फुलं बाया-पोरं वेचायची, वाळवायची, आणि मडक्यावर मडकं ठेवून दारू काढली जायची. लग्नाला, मयताला, देवाच्या कामाला ती लागायची. मोहाचं फूल दुष्काळात पोटालाही आधार द्यायचं आणि त्याच्या बियांचं तेल निघायचं. नव्या कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली. दारू सरकारी देखरेखीखालच्या कारखान्यात गाळायची, तिच्यावर कर भरायचा आणि लिलावात दुकान घेतलेल्या माणसाने ती विकायची, अशी रीत बसवली गेली. चार्ल्स प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याने ही व्यवस्था उभी केली. घाटाखालच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा आला. आपल्याच झाडाखालचं फूल वेचून घरात ठेवायला बंदी झाली.

दारू गाळण्याचा-विकण्याचा मक्ता मोठा होता आणि भांडवल ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडेच तो गेला. मुंबई, ठाणे आणि सुरतेच्या पट्ट्यात हा धंदा मुख्यतः पारशी व्यापाऱ्यांच्या हातात होता. उरणला मोहाच्या दारूचे त्यांचे कारखाने होते आणि तिथून मुंबईला माल जायचा. दक्षिण गुजरातेत दुकानदार उधारीवर दारू द्यायचा, उधारी चढत जायची आणि शेवटी शेत त्याच्या नावावर व्हायचं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने हे सगळं तपशिलाने मांडलं आहे. एका गोष्टीचा मात्र मी आग्रह धरीन. हा दोष एका जातीच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. मक्ता ज्याने लिलावाला काढला आणि कराचा पैसा ज्याने मोजून घेतला, तो सर्वांत मोठा दारूविक्या सरकार होता.

आपल्याकडच्या लोकांनी हे निमूट सोसलं नाही. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून देवीची लाट उठली. जव्हार, पेठ, सुरगाणा, डांग असं करत ती सुरत जिल्ह्यापर्यंत पोचली. लोकांच्या अंगात देवी यायची आणि तिच्या तोंडून हुकूम निघायचे : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. त्या देवीला सलाबाई म्हणत. कुठल्या पुढाऱ्याने काढलेली ही चळवळ नव्हती. काँग्रेसचे कार्यकर्ते मागाहून आले. अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांनी आपल्याला कोण लुबाडतंय हे ओळखलं आणि त्याचं गिऱ्हाईक होणंच बंद केलं. ही लाट पुढे ओसरली, काहींनी पुन्हा प्यायला सुरुवात केली, हेही खरं. तरीसुद्धा आपल्या डोंगरातल्या माणसांनी केलेल्या मोठ्या कामांत मी तिला फार वर ठेवतो. आपल्या शाळांतल्या मुलांना तिचं नाव माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

शहरातही विरोध होताच. पुण्यात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांपुढे निरोधन झालं.

आता विलायती बाटलीमागच्या माणसाकडे वळू, कारण सगळे दारू-व्यापारी एकाच मापाने मोजता येत नाहीत. मुंबईत फिप्सन आणि कंपनी नावाची मद्याची पेढी होती. ती चालवणाऱ्या हर्बर्ट फिप्सन यांना निसर्गाचं वेड होतं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. सोसायटीला जागा नव्हती, तेव्हा फिप्सननी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली जागा दिली. पुढे पेढीत विल्यम नावाचा धनेश पक्षी फिप्सनचे सहकारी वॉल्टर मिलार्ड यांच्या खुर्चीमागे वर्षानुवर्षं राहिला. सोसायटीच्या बोधचिन्हावरचा धनेश तो हाच. फिप्सनच्या पत्नी डॉ. एडिथ पीची मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या पहिल्या प्रमुख डॉक्टर. बालविवाहाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई या डॉ. सखाराम अर्जुनांच्या सावत्र कन्या. त्यांना डॉक्टरकी शिकायला विलायतेला पाठवण्यात पीचीबाईंनी मोठा हात दिला. आणि नाशिकजवळ स्त्रिया-मुलांसाठी जे पीची-फिप्सन सॅनिटोरियम उभं राहिलं, ते या जोडप्याच्याच नावाचं. १९६४ पर्यंत ते नाव तिथे होतं.

मद्याच्या पैशातून नाशिकच्या आजारी बायकांना विसावा मिळाला आणि मद्याच्याच पैशापायी शेजारच्या डोंगरात शेतं गेली. दोन्ही खरं आहे. हाती आलेल्या बाटलीवर ज्या व्यापाऱ्याचं नाव असेल, त्याच्याबद्दल बरंवाईट बोलण्याआधी तो कोण होता हे शोधा, एवढंच माझं म्हणणं.

बाटली किती जुनी आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागतोच असं नाही. उन्हात धरा आणि साच्याची रेघ बघा. दोन बाजूंना उभी रेघ असते. ती गळ्यापर्यंत येऊन तोंडाच्या कडेखाली थांबत असेल, तर तोंड हाताने घडवलेलं आहे. रेघ थेट ओठावरून वर गेली असेल, तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्स या अमेरिकनाने बाटल्यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराला आणलं, त्यानंतर हाताने घडवलेल्या बाटल्या हळूहळू मागे पडल्या. काचेत बुडबुडे, बूड वाकडं, एका बाजूला काच जाड आणि दुसरीकडे पातळ, या हातकामाच्या खुणा. फिरकीचं झाकण असेल तर बाटली त्या मानाने अलीकडची. स्कॉच व्हिस्कीत असं झाकण व्हाइट हॉर्स कंपनीने १९२६ मध्ये आणलं. त्याआधी बूच असे. कागद शिल्लक असेल तर तो धुऊ नका, सगळ्यांत जास्त माहिती त्याच्यावरच असते. ‘मुंबई राज्य’ असं छापलेलं असेल तर ती १ मे १९६० च्या आधीची. मॅकडॉवेल, डायर मीकिन, शॉ वॉलेस ही नावं दिसली तर ती हिंदुस्थानातल्याच कंपन्यांची. अँगस मॅकडॉवेलची पेढी १८२६ ची, मद्रासची. कसौली-सोलनच्या डायर मीकिनची मालकी १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आली आणि पुढे तीच मोहन मीकिन झाली.

आपल्याकडच्या काचेचाही विसर पडू नये. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, आणि किर्लोस्करवाडीसारखीच कारखान्यावरून नाव पडलेली कराडजवळची ओगलेवाडी १९१६ ची. परदेशी बाटलीबरोबर घरात ओगल्यांचा प्रभाकर कंदील असेल तर तोही सांभाळा. माझ्या दृष्टीने त्याची किंमत व्हिस्कीच्या बाटलीहून जास्त आहे.

आता पैशाचं बोलतो. जुनी बाटली म्हणजे लाखाची लॉटरी, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेक रिकाम्या बाटल्यांना फार भाव नसतो. मोठे आकडे ऐकू येतात ते सीलबंद, भरलेल्या, दुर्मिळ बाटल्यांचे, आणि त्या बाजारात फसवणूक भरपूर आहे. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात १८७८ च्या मॅकॅलन व्हिस्कीचा एक पेला ९,९९९ स्विस फ्रँकला विकला गेला. नंतर तपासणी झाली तेव्हा ती दारू १९७० च्या दशकातली निघाली आणि हॉटेलने पैसे परत केले. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या एका प्रयोगशाळेत ५५ जुन्या म्हणवणाऱ्या बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ बनावट ठरल्या. एवढ्या श्रीमंत, जाणत्या लोकांची ही गत. तेव्हा जमीन किंवा दागिना मोडून ‘अँटिक’ बाटलीत पैसे घालायला कुणी सांगितलं, तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवा. ऑनलाइन जाहिरात बघून आगाऊ पैसे तर अजिबात पाठवू नका.

आणि ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसलो ती ही. बनावट दारू विकणाऱ्याला दारूपेक्षा बाटली मिळवणं कठीण असतं. लेबल शाबूत, झाकण शाबूत असलेली नावाजलेल्या कंपनीची रिकामी बाटली त्याच्या फार उपयोगाची. तिच्यात काय भरलं जातं ते पिणाऱ्याला कळत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. तो औद्योगिक वापराचा पदार्थ आहे, चवीला आणि वासाला साध्या दारूसारखाच लागतो. पोटात गेल्यावर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, डोळ्यांची नस मरते, श्वास लागतो. प्यायल्यावर लगेच काही होत नाही, बारा-चोवीस तासांनी दिसायला अंधुक होतं, तेव्हा लोक हँगओव्हर समजून घरी झोपून राहतात. दारू प्यायलेल्या माणसाला धूसर दिसतंय, पोटात प्रचंड दुखतंय, धाप लागतेय असं झालं, तर एक क्षण न घालवता त्याला हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात न्या आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी कराल तर माणूस हातचा जाईल. वेळेत उपचार झाले तर जीव आणि डोळे दोन्ही वाचू शकतात.

हरसूलला हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. एका अंगाला गुजरात, तिथे राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी. पलीकडे सिल्वासा आणि दमण, तिथे दारू स्वस्त. मध्ये आपले घाटरस्ते. चोरटा माल या वाटांनी फिरतो आणि त्याच्या मागोमाग बनावट मालही येतो. म्हणून आजच्या काळातली दारूची बाटली रिकामी झाली की तिचं लेबल फाडा, झाकण पक्कडीने चेपून वेगळं फेका. लग्नकार्यात, निवडणुकीच्या दिवसांत रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडतो. तो गोणीत भरून कोण नेतं याकडे गावातल्या तरुण पोरांनी लक्ष ठेवावं.

शेतातलं औषध दारूच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. तणनाशकाचा रंग आणि दारूचा रंग अंधारात सारखाच दिसतो. रात्री चाचपडत बाटली तोंडाला लावणारा माणूस आणि तहानेने हात घालणारं पोर, दोघांनाही लेबल वाचता येत नाही. औषध त्याच्या मूळ डब्यातच, कुलपाआड ठेवा. आणि माळ्यावर सापडलेल्या जुन्या बाटलीत कसलाही द्रव शिल्लक असला, तरी ती ‘जुनी ती चांगली’ म्हणून चाखू नका. शंभर वर्षांत तिच्यात कुणी काय भरलं असेल ते देवालाच ठाऊक.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात दारूने भरलेली बाटली परवान्याशिवाय विकता येत नाही. जुनी आहे म्हणून सूट नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. शंभर वर्षांवरची, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. विहीर किंवा शेततळं खणताना जमिनीत पुरलेली मोलाची वस्तू निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा जुना १८७८ चाच आणखी एक कायदा आहे. तलाठ्याला सांगून एक अर्ज दिलात तरी पुढचा त्रास वाचतो.

मग बाटली ठेवायची कशी? एका कागदावर लिहून काढा : ती घरात कुणी आणली, कुठून, तिच्यात काय काय भरलं गेलं, आजोबा-पणजोबांच्या तोंडी दारूच्या दुकानाबद्दल काय ऐकलं. दुकान कुठे होतं, मक्तेदार कोण, उधारीत कुणाचं शेत गेलं, देवीच्या वेळी गावात काय झालं. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, त्याच्या मोबाइलवर बोला. म्हाताऱ्या माणसांकडून हे आत्ताच घ्यायला हवं. तो कागद बाटलीला बांधा. बाटलीपेक्षा हा कागद मोलाचा आहे. कागदाशिवाय ती नुसती काच आहे, मग ती शहरातल्या बारमध्ये शोभेला गेली काय आणि भंगारात गेली काय, सारखंच. पुण्याला दिनकर केळकरांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, भांडी गोळा करून केवढं संग्रहालय उभं केलं, ते त्यांनी १९७५ मध्ये राज्याला देऊन टाकलं. हरसूलच्या आश्रमशाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक काचेचं कपाट तरी नक्कीच होऊ शकतं. त्यात दारू गाळायची मडकी, मोहाची वाळलेली फुलं आणि विलायती बाटली शेजारी शेजारी ठेवा. पोरांना समोर उभं करून विचारा, यातलं आपलं कोणतं आणि बाहेरून आलेलं कोणतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध उठवले. त्यासाठी आपल्या माणसांना किती पिढ्या वाट बघावी लागली, हे त्या कपाटापाशी सांगता येईल.

शेवटची गोष्ट बायांसाठी. बाटलीबद्दल ठरवण्याचा हक्क आज तुमच्या हातात आहे. गावात परवाना असलेलं दारूचं दुकान नको असेल, तर पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी अर्ज करता येतो. मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. मतदानाला घरी बसलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीलाच मत, हे ध्यानात ठेवा. हरसूल अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्यानेही दारूविक्रीवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. १८७८ मध्ये आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारावं लागतं.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. यातली जी पहिली येईल तिला बायाबापड्यांनी मिळून जा आणि दोन ठराव मांडा : एक रिकाम्या बाटल्या न विकण्याचा आणि दुसरा शाळेतल्या कपाटाचा. दोन्ही ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागून घ्या.